दारासमोरचा गैरहजर

तुम्ही त्याला गैरहजर लिहिलंत, साहेब. तो तुमच्या दारासमोरच्या बाकावर बसला होता. दार आणि बाक यांच्यामध्ये माणूस आडवा झोपला तर त्याला पाय मुडपावे लागतील, एवढंच अंतर. इस्त्री केलेला सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, पहिल्या दिवशी शाळेत आणून बसवलेल्या पोरासारखा तो बसला होता. तुमचा शिपाई दारातून अर्धा बाहेर आला, आतल्या कोणाशी तरी बोलता बोलता पाठमोऱ्यानेच त्याने नाव पुकारलं आणि पुन्हा आत गेला. गवयाला, म्हणजे तुमच्या त्या अर्जदाराला, दिसली ती शिपायाची पाठ. पाठीला ओठ नसतात.

मी तेव्हा तिथे नव्हतो, कारण तुमच्याच कारकुनाने मला खाली पिटाळलं होतं. कागदांची आणखी एक झेरॉक्स हवी म्हणाला. झेरॉक्सवाल्याचं मशीन अडकलेलं. मी धापा टाकत जिना चढून आलो तेव्हा गवई तसाच बसलेला. मला बघून हसला आणि बोट हलवून त्याने खूण केली, अजून नाही. शिपाई दाराला टेकून नखं कुरतडत होता.

"आता येऊन काय उपयोग?" तो मला म्हणाला. "गेली तुमची केस."

"गेली म्हणजे?"

"पुकारा केला. कोणी ओ दिली नाही. साहेबांनी गैरहजर लिहिलं. अर्ज निकाली."

"अहो, हा काय समोर बसलाय!"

"मग ओ का नाही दिली?"

"बहिरा आहे तो! बहिरेपणाच्या भरपाईचीच तर केस आहे!"

शिपाई जरा वरमला. माणूस वाईट नाही तो. पण त्याच्या मागे तुम्ही आहात, म्हणून लगेच सावरला. "मग बरोबर कोणीतरी ठेवायचं ना."

"मीच होतो की बरोबर! तुम्हीच खाली पाठवलंत."

"मी नाही. कारकुनाने."

एवढ्यात गवयाने विचारलं, "काय म्हणतोय? लागला का नंबर?" स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तो बोलतो तेव्हा अख्खी गॅलरी वळून बघते. मी त्याच्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हटलं, "गैरहजर."

त्याने माझ्या ओठांवरून शब्द उचलला, पण पटला नाही. "कोण?"

"तू."

"मी?" त्याने स्वतःच्या छातीवर थाप मारली. "मग हा कोण बसलाय, माझा मामा?"

गॅलरीतले लोक हसले. पट्टीत हात अडकवलेला एक जण तर इतका हसला, की त्याचं दुखणं पुन्हा ठणकलं. गवईही हसला. पण जिना उतरताना तो मधल्या वळणावर थांबला, कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "भट्टी, मी आलो होतो एवढं तरी लिहायला सांग त्यांना. पैशांचं मरू दे."

भट्टी म्हणजे मी. हॅमर शॉपमध्ये मी भट्टीवर होतो, तो हॅमरवर. माझ्या भट्टीतून तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा मी पुढे सरकवायचा, त्याने सांडशीने उचलून ऐरणीवर धरायचा आणि वरून हॅमर पडायचा. हॅमर म्हणजे हातोडा समजू नका, साहेब. दुमजली घराएवढं मशीन. त्याचं डोकं खाली येतं तेव्हा जमीन उडते, दातांवर दात आपटतात, कपातला चहा आपोआप गोल फिरायला लागतो. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून पळतो. दुसऱ्या दिवशी पोटासाठी परत येतो. मग कधीतरी त्याला वाटायला लागतं, आवाज कमी झाला वाटतं. आवाज कमी झालेला नसतो.

गवई हे त्याचं नाव नव्हे. कागदावरचं नाव तुमच्याकडे आहे, आम्हाला ते कधी लागलं नाही. तो काम करताना गायचा. पाळी सुरू झाली की त्याचं तोंड सुरू. त्या गडगडाटात एक अक्षर कोणाला ऐकू यायचं नाही, पण त्याचे हलणारे ओठ बघून आम्ही ओळखायचो, आज कुठलं गाणं चाललंय. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसून मान डोलवायचा. आवाज न ऐकता दाद देणारे लोक तुम्ही कुठे बघितलेत?

हॅमर शॉपमध्ये कोणी कोणाला हाक मारत नाही. मारून उपयोगच नाही. पायाखाली लोखंडी पत्रा अंथरलेला असतो, त्यावर सळई आपटायची. प्रत्येकाची ठोक वेगळी. गवयाची ठोक त्याच्या गाण्याच्या ठेक्यावर पडलेली: एक लांब, दोन जवळजवळ, एक लांब. ती तळपायांतून वर चढायची. ठोक कळली की माणूस मान वळवतो, मग समोरच्याच्या ओठांकडे बघतो आणि बोलणं होतं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. होत गेलं. इतकं अंगात मुरलं, की आपण ओठ वाचतोय हेच आम्हाला माहीत नव्हतं. आपल्याला ऐकू येतं, अशीच आमची समजूत.

आणि हो, आवाज अडवायला कानांवर लावायची डबडी कंपनीने घेतली होती. खोटं का बोलू? नवी कोरी, पिवळी. फोरमनच्या केबिनमधल्या कपाटात कुलूपबंद असायची. तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी फोरमन ती आमच्या डोक्यांवर चढवायचा आणि साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली की मोजून परत घ्यायचा. गवयाने एकदा विचारलं, "राहू दे की हो माझ्याकडे."

फोरमनचे ओठ म्हणाले, "हरवली तर पगारातून कापू का?"

मग एक दिवस क्रेन मागून आली, भोंगा वाजवत. गवई हलला नाही. क्रेनवाल्याने वेळेवर थांबवलं म्हणून तो आज आहे. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं, मला सोबत घेतलं. म्हणाला, "याला भोंगा ऐकू येत नाही. उद्या डोक्यावर काही पडलं तर जबाबदारी कोणाची? आम्हाला धोका पत्करता येणार नाही." आणि त्याला घरी बसवलं. बहिरा आहे म्हणून घरी बसवलं, हे लक्षात ठेवा. कारण त्याच महिन्यात तुमच्यापुढे उभा राहून त्याच कंपनीचा वकील काय म्हणाला? अर्जदारास व्यवस्थित ऐकू येते.

तुम्ही दोन्ही ऐकलंत. तुम्हाला तर ऐकू येतं ना?

पहिल्या तारखेला तुम्ही त्याला विचारलंत, "अपघात कोणत्या दिवशी झाला?"

मी त्याच्याकडे तोंड करून प्रश्न पुन्हा सांगितला. तो म्हणाला, "रोज."

"असं चालत नाही. एक तारीख सांगा."

"साहेब, रोज थोडा थोडा झाला."

"रोज झाला तर तो अपघात होत नाही." असं म्हणून तुम्ही घड्याळ बघितलंत. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी एक चित्र आलं. गवयाचा एक कान एका फटक्यात तुटून ऐरणीवर पडलाय, लालभडक, आणि गवई तो उचलून तुमच्या टेबलावर ठेवतोय. मग तुम्हाला तारीख मिळाली असती. तुमच्या कायद्याला रक्त लागतं. झिजणं त्याला दिसत नाही.

नंतर वकील उठला. कोट काखेत घट्ट झालेला. "आमच्या माहितीप्रमाणे अर्जदाराला मोठ्याने गाण्याची सवय आहे. कामावरचे लोक त्याला गवई म्हणतात. कानांचा त्रास त्यामुळेही होऊ शकतो." तुम्ही हे लिहून घेतलंत. हसला नाहीत, हाकललं नाहीत, लिहून घेतलंत! गाऊन माणूस बहिरा होत असता तर जगात एक गवई उरला नसता.

राहिला डॉक्टर. तुमच्या मंडळाने नेमलेला. त्याने गवयाला समोर बसवलं, खुर्ची अगदी जवळ ओढली, चष्म्यातून बघत विचारलं, "नाव? वय? मुलं किती? जेवण जातं का?" गवयाने पटापट उत्तरं दिली. उलट जरा मिरवलाच. डॉक्टरांपुढे आपण शहाण्यासारखं बोललो, असं त्याला वाटलं. बाहेर येऊन मला म्हणाला, "काहीच अवघड विचारलं नाही रे. सगळी उत्तरं बरोबर आली."

मी त्याचा दंड धरला. "तोंड कुठे होतं त्याचं?"

"कुठे असणार? माझ्यासमोर."

"आणि यंत्र? कानांना लावायचं?"

"बंद आहे म्हणाला."

डॉक्टरने लिहिलं, संभाषण समजते. खरंच होतं ते. त्याने एकदा पाठ फिरवून विचारायचं होतं. एकदा फळ्याकडे बघून, खिडकीकडे बघून. पाठ फिरवायची तेव्हा डॉक्टर समोर बसला आणि समोर बघायचं तेव्हा तुमच्या शिपायाने पाठ फिरवली. दोन्ही वेळी बुडाला तो गवईच.

त्या गैरहजरीच्या संध्याकाळी मी त्याला घरी सोडलं. वहिनी दारात होत्या. त्या शिवणकाम करतात, गळ्यात टेप तसाच लोंबकळत होता. त्यांनी माझा चेहरा बघितला. गवई आत जाऊन सदरा काढून नीट घडी करायला लागला. सांडशीने लाल लोखंड धरणाऱ्या त्या हातांनी त्याने कॉलर अशी दाबून दाबून बसवली, की जणू पुढच्या तारखेला तीच उभी राहून बोलणार होती.

"काय झालं, भाऊजी?"

सांगितलं.

त्या थोडा वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांना बहिरं म्हणून कामावरून काढलं. आता बहिरे नाहीत म्हणून पैसे देत नाहीत. आणि बहिरे होते म्हणून केस काढली. एकदा काय ते ठरवा म्हणावं. आम्ही तसं राहू."

आतून गाणं सुरू झालं. कामावर असताना मी त्याचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं, फक्त पाहिलं होतं. आता ऐकलं. सूर कुठल्या कुठे गेलेला. वर चढायच्या जागी तो खाली उतरत होता आणि खाली यायच्या जागी नुसताच ओरडत होता. शेजारच्या घरातून कोणीतरी खिडकी आपटून लावली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"चांगला आवाज होता हो यांचा," त्या म्हणाल्या. "लग्न ठरलं ते गाणं ऐकूनच. नाहीतर या तोंडाला कोण पसंत करणार होतं?" हसल्या. मग हसू पुसून हळूच म्हणाल्या, "सूर गेलाय हे त्यांना सांगू नका. त्यांना वाटतं, तसंच येतंय."

हळूच बोलायची गरज नव्हती. पण बोलल्या.

मी घरी गेलो ते दात आवळूनच. न्याय हा शब्द मी तुमच्या भिंतीवरच्या पाटीवर दर तारखेला वाचतो, सोनेरी अक्षरांत आहे, त्यावर तेव्हा जाळं धरलं होतं. मला न्याय नको होता, साहेब. मला सूड हवा होता. तुम्ही, तो वकील, तो डॉक्टर, सगळ्यांना एकदा, फक्त एकदा, हॅमरखाली उभं करावं. डोकं नाही, कान. मी वाईट माणूस आहे असं वाटत असेल तर वाटू द्या.

अर्ज पुन्हा उघडायचा की नाही, हे ठरवायला तुम्ही एक तारीख दिलीत. मी हॅमर शॉपमधल्या जुन्या लोकांकडे गेलो. क्रेनवाला, दोघे सांडशीवाले, साचे बसवणारा आबा. सगळे घरी बसलेले, सगळ्यांच्या घरी टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा. आबाला मी दारातून तीन हाका मारल्या, शेवटी आत जाऊन जमिनीवर पाय आपटला तेव्हा त्याने मान वळवली.

"काय करायचंय?" आबाने विचारलं.

"हाक मारायची. आपल्या पद्धतीने."

तो बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने खाटेखालची पेटी ओढली आणि हातभर लांबीची सळई काढली. "घासून ठेवलीये," म्हणाला. "कशासाठी ते आज कळलं."

तारखेला आम्ही आलो. गवई त्याच बाकावर बसला, तोच सदरा. आम्ही बाकीचे गॅलरीच्या लोखंडी कठड्याला टेकून उभे. तुमचा कठडा जुन्या काळचा आहे, भक्कम, जिन्यापासून तुमच्या खोलीच्या खिडकीपर्यंत एकसंध गेलेला. मी तो आदल्या खेपेलाच बघून ठेवला होता. शिपाई बाहेर आला. त्याला सगळं माहीत होतं, मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, माणूस बहिरा आहे, समोर येऊन पुकारा. तरी तो उंबऱ्यातच थांबला, हातातल्या कागदात तोंड घालून त्याने नाव पुटपुटलं. सवय मोठी वाईट.

त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम ओ दिली नाही.

"अहो, सांगा ना त्यांना," शिपाई म्हणाला.

"सांगतो," मी म्हटलं. सळई काढली आणि कठड्यावर मारली. एक लांब. दोन जवळजवळ. एक लांब.

गवयाच्या पायाखालची फरशी थरथरली असणार. त्याने मान वळवली. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. कामावरून काढल्यापासून त्याला कोणी त्याच्या हाकेने बोलावलंच नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आलो!"

तिथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. आबाने मारली, क्रेनवाल्याने मारली, सांडशीवाल्यांनी मारली. आधी एकेक, मग हॅमर पडतो तशी सगळ्यांची मिळून एक. कठडा घंटेसारखा घुमायला लागला. खिडक्यांची तावदानं थरथरली, पाटीवरचं जाळं खाली पडलं. बाकांवरची माणसं कानांवर हात ठेवून जिन्याकडे पळाली, हात पट्टीत अडकवलेल्याला एकच कान झाकता आला. वकील बाहेर आला तो फाईल डोक्यावर धरून, जसं काही वरून विटा पडताहेत. आम्हाला काही त्रास नव्हता. आमच्यासाठी ती कामाची नेहमीची सकाळ होती.

मग तुम्ही आलात. दोन्ही कानांत बोटं. तुमचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. तुमचा आवाज तुम्हालासुद्धा ऐकू येत नव्हता. पण आम्ही सगळ्यांनी तो वाचला. तुम्ही म्हणत होतात, बंद करा, मला काही ऐकू येत नाही.

गवयाने हात वर केला. कठडा थांबला. नुसती गुणगुण राहिली, कानांत की लोखंडात ते सांगता येणार नाही. तो तुमच्या अगदी जवळ गेला, डॉक्टरने खुर्ची ओढली होती तेवढा जवळ. आवाज चढवला नाही त्याने. आयुष्यात पहिल्यांदा बेताने बोलला.

"साहेब, अपघाताची तारीख मागत होतात ना? आजची लिहा."

पोलीस आले. आमच्या सळया बघून एकाने तुम्हाला विचारलं, "काय मोडलं?" काहीच मोडलं नव्हतं. काच नाही, बाक नाही, कोणाचं हाड नाही. रक्तही नाही. "मग तक्रार कशाची लिहू?" तो म्हणाला. तुम्ही कानांकडे बोट दाखवलंत. तो म्हणाला, "दिसत तर काही नाही."

मी इतका हसलो की मला कठड्याला धरावं लागलं.

पुढचं शिपायाने सांगितलं. तुमच्या कानांत शिट्टी वाजत राहिली. जेवताना वाजायची, झोपताना वाजायची. बाईसाहेब बोलल्या की तुम्ही "काय?" म्हणायचात. तुम्ही रजा टाकलीत, मोठ्या डॉक्टरकडे गेलात, त्याचं यंत्र चालू होतं. रजा पगारी होती आणि मंजूर झाली. कारण लिहिलंत, कामाच्या जागी झालेला त्रास. बरोबरच आहे. कामाच्या जागीच झाला. तुमचं वय कोणी विचारलं नाही, तुम्ही न्हाणीघरात गाता का, तेही विचारलं नाही.

शिट्टी थांबली म्हणे आता. बरं झालं. गवयाची थांबत नाही. कधी थांबलीच नाही.

आज पुन्हा तारीख आहे. आम्ही सळया घरी ठेवून आलोय, खाली पोलिसाने झडती घेतली. वहिनी आल्यात, शिवणकामाला सुट्टी देऊन. गवई बाकावर बसलाय, गुडघ्यांवर हात. मघापासून तो गुणगुणतोय. आपण मनातल्या मनात गातोय असा त्याचा समज, पण गॅलरीभर ऐकू जातंय, भलत्याच सुरात. तुमचा शिपाई येऊन मला म्हणाला, "त्यांना शांत बसायला सांगा."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली. मी सांगितलं नाही.

तुमच्या दारामागे तुमच्या पायांचा आवाज येतोय. मला अजून तेवढं ऐकू येतं, एका कानाने. म्हणजे तुम्हीही त्याचं गाणं ऐकताय. मग आता तुम्हाला असं म्हणता येणार नाही, की बाहेर कोणी नव्हतं. तो हजर आहे. लिहिणार की नाही? दार उघडा, बाहेर या आणि सांगा. कागदात बघून नको. माझ्याकडे बघूनही नको. त्याच्याकडे तोंड करून सांगा.